चाळीस टंचाची वाट

५ ऑक्टोबर, रविवार

पतसंस्था दर जानेवारीला एक डायरी देते आणि ती दर डिसेंबरात कोरीच्या कोरी कपाटात जाते. यंदा निम्म्याहून जास्त वर्ष गेल्यावर म्हटलं, बसाप्पा, तीन महिने तरी लिही. अठ्ठावन्नाव्या वर्षी माणूस नवा धंदा काढतो तेव्हा नंतर लोक विचारतात, कसं सुचलं म्हणून. त्या वेळी थापा मारायला नकोत.

तर चव्वेचाळीस वर्षं हुपरीत पैंजण केले. सुरुवात दुसऱ्याच्या भट्टीपुढं बसून, शेवट स्वतःच्या कारखान्यात. तो कारखाना या श्रावणात मुलाच्या, प्रभुलिंगच्या हवाली केला आणि मी मलकापूरच्या पुढं डोंगरात गवळणतळ्याच्या काठी राहायला आलो. दोन वर्षं खपून इथं सहा खोल्यांचं घर बांधलंय. पाहुण्यांनी यावं, तळ्याभोवती फिरावं, जेवावं, जावं. महादेवी म्हणाली, "जन्मभर मांडी घालून बसलेला माणूस लोकांना चालायला शिकवणार व्हय?" मी म्हटलं, शिकवणार नाही. वाटा दाखवणार.

वाटा तीन. एक तळ्याच्या काठानं, सपाट, तासाभराची. दुसरी रानातून चढत जाणारी, तीन तासांची. तिसरी थेट वरच्या सड्यावर, म्हणजे डोंगराच्या माथ्यावरच्या उघड्या कातळावर. सकाळी निघालं तर दुपारी परत, तेही गुडघे शाबूत असतील तर. आता प्रश्न, कुठली वाट कुणासाठी हे सांगायचं कसं? सोपी, मध्यम, अवघड असं तर कुणीही लिहितं. मला रात्री जेवताना सुचलं. चांदी किती शुद्ध ते आम्ही टंचात सांगतो. शंभरात सत्तर भाग चांदी, बाकी तांबं, तर सत्तर टंच. तसंच वाटांचं. काठाची चाळीस टंच, रानातली सत्तर टंच, सड्याची नव्वद टंच. असं नाव अख्ख्या महाराष्ट्रात कुणाचं नसेल.

डायरीत खूण म्हणून एक कागद घातलाय. ऑगस्टमध्ये समाजाच्या आरोग्य शिबिरात डॉक्टरनं दिलेला. कोल्हापुरात जाऊन पट्ट्यावर चालून दाखवा, छातीला तारा लावून बघू, असं त्यावर लिहिलंय. मी रोज डोंगरात चालतो. मला रबरी पट्ट्यावर चालवून त्याला काय नवीन कळणार? पण कागद जाड आहे, खुणेला चांगला.

९ ऑक्टोबर

माणसाचा टंच काढायची माझी पद्धत आज पक्की झाली. लिहून ठेवतो.

गाड्या खाली थांबतात. तिथून घरापर्यंत तीनशे पावलांचा चढ आहे, निम्म्यावर फणसाचं झाड. मी पाहुण्यांना घ्यायला खाली जातो आणि वर येताना विचारतो, "पावणं, गाव कुठलं? घरी कोण कोण असतं?" आणि ऐकतो. काय सांगतात ते नव्हे, वाक्य कुठं तुटतं ते. न तुटता बोलत आला तो नव्वद टंच. दोन-तीन ठिकाणी श्वास घ्यायला थांबला तो सत्तर. नुसती मान हलवली तर चाळीस.

माझे कान म्हणजे माझं भांडवल. डझनभर पैंजण एकदम हलवले तरी कुठल्या घुंगराचा जोड सुटलाय ते मी न बघता सांगायचो. माणसाची छाती त्याच्यापेक्षा सोपी.

फणसाखाली थोडं थांबून पाहुण्यांना तळं दाखवायचं, हेही पद्धतीत घातलंय. तिथून तळं फार सुरेख दिसतं. मी एकटा असलो तरी थांबून बघतो.

१८ ऑक्टोबर

पाट्या लागल्या. आकारामनं खड्डे काढले, मी पाट्या धरल्या. आकाराम इथल्याच वाडीचा, चार म्हशी, दूध घालतो आणि आता माझ्याकडं वाटाड्या. गडी अंगानं मजबूत पण चालायला मंद. कधी बघावं तर माझ्या मागं दहा पावलं, हातात पाण्याची बाटली. मी म्हटलं, "अरे, वाटाड्यानं पुढं चालायचं असतं." तर म्हणतो, "मालक, मागनंच सगळं नीट दिसतंय."

डावा खांदा दुखतोय. पाट्या लोखंडी घ्यायला नको होत्या.

संध्याकाळी आकाराम मोठ्या धोंड्यावर चढून फोनवर बोलत होता. रेंज तिथंच येते. मी लांब होतो, पण कान म्हणजे कान. "व्हय ताई, आज दोनदा थांबावं लागलं. फणसापाशी आन् वरच्या वळणावर. घाम बी लई." ताई म्हणजे माझी मुलगी सुष्मिता, तिचा आवाज मला पलीकडूनही ओळखू येतो. बहुतेक म्हशीबद्दल चाललं असावं, एक गाभण आहे. सुष्मिताला लहानपणापासून जनावरांची माया.

२ नोव्हेंबर, रविवार

आज रंगीत तालीम झाली आणि रंगाचा बेरंग झाला.

हुपरीहून घरचेच चौदा जण बोलावले होते. सगळे चांदीतले. घरी पोचल्यावर मी शास्त्रशुद्ध वाटणी सांगितली. थोरले साडू नुसती मान हलवत वर आले होते, त्यांना म्हटलं, "तुम्ही चाळीस टंच." माणूस जागेवर लाल.

"कोण चाळीस?"

"वाटेचं नाव आहे हो."

"बसाप्पा, चाळीस वर्षं माझ्या मालाला कुणी सत्तरच्या खाली म्हटलं न्हाय. आन् तू मला चाळीस म्हणतोस? बायकोदेखत?"

झालं. त्यांच्यामागून त्यांचे भाऊ, भावांमागून जावई. जावयाला चाळीस म्हणायची कुणाची टाप आहे! चौदाच्या चौदा जण नव्वद टंचानं गेले. त्यात महादेवीची थोरली अक्का सुद्धा, नऊवारी सावरत.

मी पुढं निघालो, पण पहिल्याच टप्प्यावर छातीत जळजळायला लागलं. सकाळी शेंगाचटणी जास्त झाली होती. म्हटलं, मालकानं मुक्कामाला असावं, स्वयंपाक बघावा. परत आलो. दुपारी दोनला आकाराम उतरला तो साडूंना पाठुंगळी घेऊन. मागून अक्का आल्या, हातात दोन्ही चपला. साडू पाठीवरूनच ओरडले, "सडा बघितला बरं का! सांगून ठेवतो!"

बघितला म्हणे. आकाराम हळूच म्हणाला, "डोळं मिटून हुतं."

३ नोव्हेंबर

महादेवी म्हणते पाट्या काढा. "माणसाला टंच लावतात का? ज्याला कमी लावाल तो चिडणार, ज्याला जास्त लावाल तो मरणार." मी म्हटलं, नावात काही चूक नाही, लोकांना समजावायला हवं. काठाच्या वाटेच्या शेवटी जेवण ठेवू. खपली गव्हाची खीर ठेवली तर चाळीस टंचाला रांग लागेल.

आकारामची आई, चिमणाबाई, चुलीपाशी ऐकत होती. अडुसष्ट वर्षांची बाई. रोज सकाळी म्हशी घेऊन सड्यावर जाते, उतरताना गवताचा भारा, मग दुधाची किटली घेऊन खाली गाडीपर्यंत. तिला टंच लावायचा तर एकशे दहा. ती म्हणाली, "पावणं, तुमीच चाला की त्या खालच्या वाटंनं. मग कुणाला लाज वाटंल?"

दोन वर्षं शेजारी आहे, अजून मला पावणंच म्हणते.

मी हसलो. मालकच सोप्या वाटेनं चालला तर पाहुणे काय म्हणतील? चांदीच्या दुकानदाराच्या बायकोनं गिलिटाचे पैंजण घालावेत तसं ते.

हल्ली चटणीत मीठ नसतं. विचारलं तर महादेवी म्हणते, संपलंय. मलकापुरात मीठ मिळेनासं झालं की काय!

१६ नोव्हेंबर

सोन्यासारखी बातमी. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका कारखान्याची सहल यायची आहे, सव्वीस माणसं, १४ डिसेंबर. साहेब अमरसिंह म्हणून आहेत, फोनवर आवाज असा की धोंड्यावर न जाताही ऐकू यावा. "आम्हाला आवडलं तर दर महिन्याला एक तुकडी! पण मालक, वरच्या वाटेनं तुम्ही स्वतः न्यायचं. भाड्याचा माणूस नको." मी तिथल्या तिथं हो म्हटलं आणि कागदावर लिहूनही पाठवलं. दर महिन्याला तुकडी म्हणजे घर वर्षभर भरलेलं. नाही जमलं तर पावसाळ्यापर्यंत सहा रिकाम्या खोल्या आणि प्रभुलिंगचं ते बघणं. बोलत काही नाही, नुसतं बघतो.

सुष्मिता कोल्हापुरातून आली होती. तिनं डायरी चाळली नाही, पण खूण बघितली. "अप्पा, हा कागद अजून इथंच?"

"चौदा तारीख होऊ दे. मग जातो."

"चौदाच्या आधी."

"पोरी, मी रोज चढतो."

"चढताना कधी बोलता का?"

विचित्र प्रश्न. मी म्हटलं, माझी पद्धतच अशी आहे की मी विचारतो, ते बोलतात. ती आईकडं बघायला लागली. मग दोघीही भांडी घासायला गेल्या, भांडी घासलेली असताना.

२८ नोव्हेंबर

महादेवीनं आज अट घातली. पट्ट्यावर चालून आल्याशिवाय सड्यावर जायचं नाही. मी म्हटलं, लिहून दिलंय. ती म्हणाली, "मलाही सात फेरे मारून दिलंय." आमच्यात सात फेरे नसतात, पण ती रागात होती, मी दुरुस्ती केली नाही.

खरं लिहायचं ठरवलंय तर लिहितो. मला पट्ट्याची भीती नाही. पट्ट्यावरून उतरल्यावर डॉक्टर काय बोलेल त्याची थोडी आहे. माझे वडील एका सकाळी भट्टीपुढं बसले ते बसलेच. एकसष्टचे होते.

पण चौदा तारखेला अजून वेळ आहे, आणि जळजळ आता चटणी सोडल्यापासून कमी आहे. चढावर होते, बसल्यावर जाते. म्हणजे पित्तच.

७ डिसेंबर

आज पहाटे एकटाच नव्वद टंचाचा सराव करायला निघालो. पहिल्या टप्प्यावर पाखरांचे आवाज ऐकत बराच वेळ बसलो. इथली पाखरं खरंच ऐकण्यासारखी आहेत. मग दुसऱ्या टप्प्यावरही ऐकली. तिसऱ्यावर जायची गरज वाटली नाही.

मागं वळून बघतो तर आकाराम, बाटलीसकट. म्हणाला, "शेरडू हुडकायला आलतो." त्याच्याकडं शेळ्या नाहीत.

१४ डिसेंबर, रविवार

आजचं सावकाश लिहायला हवं.

साडेआठला बस आली. सव्वीस माणसं, सगळ्यांचे टीशर्ट एकसारखे, आणि अर्जात सव्वीसजणांनी लिहिलेलं, नव्वद टंच. अमरसिंह साहेब पस्तिशीचे, छाती पुढं. माझा हात असा दाबला की बोटं मोजून घेतली. "चला मालक, दाखवा तुमचा डोंगर!"

मी चढाला लागलो आणि पद्धत सुरू केली. "पावणं, गाव कुठलं?" एक पोरगी घडाघडा बोलत होती, नव्वद. एक फिटर गावाचं नाव सांगून थांबला, तालुका दहा पावलांनंतर सांगितला. साहेबांना विचारलं तर त्यांनी हात हलवून लांबचा डोंगर दाखवला आणि अंगठा वर केला. मी मनात नोंद केली.

फणसाच्या अलीकडं चिमणाबाई समोरून आली, डोक्यावर किटली. वाट अडवून उभी राहिली. सव्वीस माणसं थांबली.

"पावणं," ती मला म्हणाली, "रोज बघतीय मी. समद्यास्नी इचारताय, गाव कंचं, घरात कोण. तुमचं गाव कंचं ते एकदा सांगा की. चालत चालत."

लोक हसले. मीही हसलो. म्हटलं, सांगतो की, त्यात काय. वाटेला लागलो आणि सुरुवात केली. "मी हुपरीचा, वडील भट्टीवर कामाला, आम्ही चार..."

चार झाल्यावर भावंडं यायला हवं होतं. आलं नाही. श्वास मध्येच आला, आणि त्याच्यासोबत बारीक शिट्टीसारखा एक आवाज. मी आधी मागं बघितलं, म्हटलं कोण हा चाळीस टंच? मागं ती पोरगी होती, तिचा श्वास संथ. पुन्हा सुरुवात केली. "आम्ही चार..." पुन्हा तोच आवाज, तेवढ्याच जागी. सुटलेला जोड असाच वाजतो, दर हलवण्याला, एकाच ठिकाणी. चव्वेचाळीस वर्षं हेच ऐकलंय, माझ्या कानाची चूक होणार नाही. आवाज माझा होता.

आकाराम फणसामागं गेला आणि तिथून एक प्लास्टिकची खुर्ची काढून माझ्या मागं ठेवली. महिनाभर ती तिथंच दडवून ठेवली होती म्हणे.

मी बसलो. सव्वीस माणसं बघताहेत. डोक्यात दर महिन्याची तुकडी, लिहून दिलेला कागद, सहा खोल्या. आता "चप्पल टोचली" म्हणून उठता आलं असतं. थाप तयार होती, चांगली होती. तेवढ्यात वर घराच्या ओट्यावर महादेवी दिसली. हाक मारत नव्हती, नुसती उभी.

श्वास येईपर्यंत थांबलो आणि म्हटलं, "पावणं, ज्या कानानं तुम्हाला पारखलं त्याच कानानं आत्ता मालकाला पारखलं. मालक चाळीस टंच निघाला. वर आकाराम नेईल, तो इथं जन्मलाय, भाड्याचा नाही. मी काठानं जाणार. दिलेला शब्द मोडतोय, त्याची माफी असावी."

मला वाटलं, गेली तुकडी. मग अमरसिंह साहेबांनी गुडघ्यावर हात टेकले आणि चढाला लागल्यापासूनचं पहिलं पूर्ण वाक्य बोलले, तेही तीन तुकड्यांत. "मालक... मी पण... तुमच्यासंगं." मागून तो फिटर म्हणाला, "साहेब निघालेत तर आम्ही कशाला वर?" आणि बघता बघता अकराजण माझ्या खुर्चीभोवती. उरलेल्यांना आकाराम घेऊन गेला. ती पोरगी सगळ्यात पुढं.

घरापर्यंत सावकाश आलो. महादेवी खाली उतरून आलीच होती. आता लिहायला लाज वाटते ते हे, की काठाची वाट मी कागदावर आखली, पाट्या ठोकल्या, पण पूर्ण चाललो आजच, महादेवीच्या सोबतीनं. अर्ध्या वाटेवर एका काळ्या दगडाखालून झरा तळ्यात उतरतो. दिसत नाही, नुसता ऐकू येतो, बारक्या घुंगरांच्या गुच्छासारखा. मी सगळ्यांना उभं करून ऐकवला. साहेबांनी डोळे मिटले आणि मिटलेलेच ठेवले. खीर दोनदा संपली. एकानं मटणाचा तांबडा-पांढरा रस्सा नाही का विचारलं, त्याला महादेवीनं खिरीची तिसरी वाटी वाढली.

निघताना साहेब म्हणाले, "मालक, दवाखान्यात जाऊन या." मी म्हटलं, "तुम्ही पण." ते हसले नाहीत. म्हणाले, "व्हय. जातो."

तुकडीबद्दल ते काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. उद्या सकाळी सुष्मिता गाडी घेऊन येतेय.

१७ डिसेंबर, कोल्हापूर

पट्ट्यावर चार मिनिटं चाललो. पाचव्याला डॉक्टरनंच थांबवलं. मी म्हटलं, अजून जमलं असतं. तो म्हणाला, "काका, खाली या." मांडीच्या शिरेतून तार घालून हृदयात दोन ठिकाणी जाळ्या बसवल्या. मी जागाच होतो. डॉक्टरला विचारलं, जाळ्या कसल्या, चांदीच्या का? म्हणाला, नाही. म्हटलं, चला, टंच विचारायला नको.

सुष्मितानं कागद काढून घेतला, फाईलला लागतो म्हणून. मग मी तिला विचारलं, "आणि आकारामच्या म्हशीचं काय झालं? ती दोनदा थांबायची ती?"

"कुठली म्हैस, अप्पा?"

मी फोनवर ऐकलेलं सांगितलं. ती आणि महादेवी एवढ्या हसल्या की परिचारिका आत आली. एवढ्या वर्षांचे कान, आणि म्हैस कोण ते कळायला दवाखाना लागला.

११ जानेवारी, रविवार

वर्ष संपलं, डायरी संपली. हे मागच्या टेलिफोन नंबरांच्या पानांवर लिहितोय. खुणेला आता पैंजणाची एक तुटकी साखळी घातलीय.

कागलहून पत्र आलं. पुढची तुकडी याच महिन्यात. अर्ज आलेत, तिसांपैकी अठराजणांनी चाळीस टंच लिहिलंय. साडूंचा फोन आला, काठानं यायचंय म्हणाले, "तू चाललास तर मग हरकत न्हाय." काठाच्या पाटीवर कुणीतरी खडूनं खाली लिहिलंय, मालकाची वाट. मी पुसलं नाही.

डॉक्टरनं चालायला सांगितलंय, पण बोलत. बोलता येईल एवढंच चालायचं. आज महादेवीबरोबर खाली गाड्यांपर्यंत जाऊन परत निघालो. पहिल्या पावलाला ती म्हणाली, "पावणं, गाव कुठलं?"

मी सुरू केलं. "मी हुपरीचा, वडील भट्टीवर कामाला, आम्ही चार भावंडं, त्यात मी तिसरा, शाळा सातवीपर्यंत, मग कारखान्यात, तिथं एक मुलगी डबा घेऊन यायची, तिच्या पैंजणाचा उजवा जोड सुटलेला, मला लांबून ऐकू यायचा..."

"तो मी मुद्दाम दुरुस्त करत नव्हते," महादेवी म्हणाली.

बत्तीस वर्षं झाली लग्नाला. हे आज सांगते!

फणस आला तरी वाक्य चालूच होतं. आता त्या खुर्चीची गरज नाही, उचलून घरी न्यावी म्हणून वळलो, तर खुर्चीत चिमणाबाई बसलेली. किटली मांडीवर, पदरानं मान पुसत.

"बगताय काय, पावणं?" ती म्हणाली. "मलाबी लागतोय की दम. आजवर खुर्ची नव्हती म्हणून बसले न्हाय."

खुर्ची तिथंच ठेवली. उद्या मलकापूरहून अजून दोन आणायच्यात.